६४० टेस्ट हिरव्या, मग गाड्या १,८०,१६५ कशा?

नमस्कार मॅडम,

मी हिंजवडीतल्या एका लहान कंपनीत चार वर्षं बॅकएंडला आहे. आम्ही सहकारी साखर कारखान्यांसाठी रिपोर्टचं सॉफ्टवेअर करतो. माझ्या गळ्यात क्वेरी सर्व्हर पडलाय. डॅशबोर्डवरून फिल्टर येतात, त्यातून आम्ही एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) तयार करतो, पोस्टग्रेस या डेटाबेसला विचारतो आणि उत्तर जेसनमध्ये परत पाठवतो. सगळं नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये. डेटाबेस एकच, त्यात नऊ कारखान्यांचा डेटा.

युनिट टेस्ट ६४० आहेत, सगळ्यांत डेटाबेस मॉक केलेला, म्हणजे आम्हीच लिहिलेली उत्तरं देणारा नकली. इंटिग्रेशन टेस्ट, म्हणजे खऱ्या डेटाबेसवरच्या, ११. त्यातली प्रत्येक स्वतःचा कंटेनर (पोस्टग्रेसची तात्पुरती वेगळी प्रत) उठवते आणि सगळी मायग्रेशन (टेबलं घडवणाऱ्या स्क्रिप्ट) पहिल्यापासून चालवते. गेल्या हंगामात सगळं हिरवं असताना तीन गोष्टी प्रॉडक्शनला फुटल्या. एका कारखान्यात दिवसाच्या गाड्या १,८०,१६५ दिसल्या. थकीत एफआरपीच्या (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान भावाच्या) यादीत तारखा एक दिवस मागे आल्या. आणि 'कऱ्हाड' टाकून शोधलं की निम्मे सभासद गायब.

आता लीड म्हणतात, ३४ एंडपॉइंट (रिपोर्ट मागायचे वेगवेगळे पत्ते) आहेत, प्रत्येकाला प्रत्येक फिल्टरसकट इंटिग्रेशन टेस्ट लिहा. दुसरे सीनिअर म्हणतात, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) आधीच ३८ मिनिटं खातं, त्यापेक्षा टेस्टमध्ये पोस्टग्रेसऐवजी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मेमरीत चालवा. मॅनेजरना स्लाइडवर टाकायला एक टक्का हवाय. नक्की किती टेस्ट पुरेशा?

– गोंधळलेला, हिंजवडी

—

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना १,८०,१६५ पाशी मी मोठ्यांदा हसले, माफ करा. त्या दिवशी १८० बैलगाड्या आणि १६५ ट्रॅक्टर आले असणार. पोस्टग्रेसमध्ये काउंटचं उत्तर बिगइंट (मोठा पूर्णांक) असतं. जावास्क्रिप्टच्या साध्या आकड्यात दोनाच्या ५३व्या घातापुढचे पूर्णांक बिनचूक मावत नाहीत, म्हणून नोडचा नेहमीचा पोस्टग्रेस ड्रायव्हर बिगइंट हातात देतो तो स्ट्रिंग म्हणून, म्हणजे मजकूर म्हणून. तुम्ही दोन काउंटची बेरीज केलीत, जावास्क्रिप्टने '१८०' ला '१६५' चिकटवलं आणि कारखान्याच्या गव्हाणीपुढे पावणेदोन लाखांहून जास्त गाड्यांची रांग लागली.

आता तुमची ती हिरवी युनिट टेस्ट उघडून बघा. मॉकमध्ये १८० लिहिलेलं असेल, पण अवतरणचिन्हांशिवाय. म्हणजे डेटाबेस काय परत देतो हे डेटाबेसला कोणी विचारलंच नाही, लिहिणाऱ्याने मनाने ठरवलं. प्रश्न आपणच काढायचा, उत्तर आपणच लिहायचं आणि पैकीच्या पैकी गुणही आपणच द्यायचे, अशी ती परीक्षा. तुमच्या ६४० पैकी किती टेस्ट या जातीच्या आहेत हे मला इथे बसून कळणार नाही, पण क्वेरी सर्व्हरच्या बाबतीत माझा अनुभव सांगते: निम्म्याहून जास्त.

'किती' या प्रश्नाला मी थेट आकडा देणार आहे, पुढे येतो. त्याआधी तो कसा काढायचा ते बघा, कारण वर्षभरात तुमचा सर्व्हर बदलेल आणि माझा आकडा शिळा होईल. प्रत्येक टेस्ट लिहिण्याआधी स्वतःला एकच विचारा: ही लाल झाली तर शिव्या कोणाला बसणार, आणि ती चूक डेटाबेसशिवाय दिसली असती का?

शिव्या पोस्टग्रेसला बसणार असतील तर टेस्ट लिहूच नका. 'टनेज २० पेक्षा जास्त' म्हटल्यावर २० पेक्षा जास्तच येतं का, इंडेक्स असताना नसताना उत्तर तेच येतं का, ही त्यांची जबाबदारी आहे आणि ते ती तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पटीने चोख पार पाडतात. डेटाबेस करणारे लोक किती टेस्ट लिहितात याचा अंदाज यावा म्हणून सांगते. एसक्यूलाइटची मंडळी स्वतःचा हिशेब जाहीर करतात. २०२३ मधल्या ३.४२ आवृत्तीत मूळ कोड साधारण १ लाख ५६ हजार ओळींचा होता आणि टेस्टचा कोड ९ कोटी २० लाख ओळींचा, म्हणजे ५९० पट. मेमरी संपली तर, डिस्कने मध्येच दगा दिला तर, वीज गेली तर, सगळं त्यात आलं. तुमची टीम पाच जणांची असो की पन्नास, त्या वाटेला जाऊ नका.

शिव्या तुम्हाला बसणार, पण चूक डेटाबेसशिवाय दिसण्यासारखी असेल, तर युनिट टेस्ट. फिल्टरचं जेसन वाचणं, माहीत नसलेला कॉलम आला तर नाकारणं, कोणी दहा लाख रो (टेबलातल्या ओळी) मागितल्या तर पाच हजारांवर अडवणं, चुकीच्या तारखेला नीट मराठीत एरर देणं. यातलं काहीच डेटाबेसच्या घरचं नाही. या टेस्ट शेकड्यांनी असू द्या, पळतातही झटकन.

आणि शिव्या तुम्हालाच, पण चूक खरा पोस्टग्रेस समोर असल्याशिवाय दिसणारच नाही, अशी जी असेल ती इंटिग्रेशन टेस्ट. तुमचे तिन्ही बग या खान्यातले आहेत, निदान प्रत्येकाचा अर्धा भाग तरी.

तारखांचंच घ्या. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. म्हणजे तुमच्या रिपोर्टात एक दिवस सरकणं हे नुसतं दिसण्याचं दुखणं नाही, एक दिवसाचं व्याज कोणाच्या तरी नावावर चढतं किंवा उतरतं. डेटाबेसमध्ये तारीख १ नोव्हेंबर, नुसती तारीख, वेळ नाही. ड्रायव्हर तिचा डेट ऑब्जेक्ट करतो आणि स्थानिक मध्यरात्र पकडतो. तुमच्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर. मग जेसन करताना तीच वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, लिहिली जाते: ३१ ऑक्टोबर, १८:३०. पुढचा माणूस वेळ कापून टाकतो आणि उरते ३१ ऑक्टोबर.

यात गंमत अशी की तुम्ही हीच टेस्ट खऱ्या पोस्टग्रेसवर लिहिली असतीत तरी ती सीआयवर हिरवीच आली असती, कारण सीआयची मशिनं बहुतेक यूटीसीवर असतात आणि तिथली मध्यरात्र ही मध्यरात्रच राहते. म्हणून ही टेस्ट चालवताना टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवून चालवा. दुरुस्ती म्हणाल तर ड्रायव्हरला सांगा की डेट प्रकाराचं, पोस्टग्रेसच्या भाषेत टाइप क्रमांक १०८२ चं, काही करू नकोस, स्ट्रिंग आहे तशी दे. दोन ओळींचं काम. बिगइंटचा क्रमांक २० आणि न्यूमरिकचा (अचूक दशांशाचा) १७००. टनेज न्यूमरिकमध्ये असेल तर तेही स्ट्रिंग म्हणूनच येतंय, जाता जाता तेही बघून घ्या. फ्लोटमध्ये (अंदाजे दशांशात) मात्र बदलू नका, पावतीवर १८.४३५ टन लिहिलेलं असताना शेवटच्या अंकावरून वजनकाट्यापाशी भांडणं होतात.

कऱ्हाडची गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती आपल्याच लिपीची आहे. हा जो डोळ्याच्या पापणीसारखा र आहे, वऱ्हाडातला, तऱ्हेतला, तो युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलंत. किंवा साधा र, खाली नुक्ता, मग हलंत. किंवा साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही कऱ्हाड एकसारखे. पोस्टग्रेस नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकुराच्या तुलनेच्या नियमांत) बरोबरीचं चिन्ह बाइटवर तपासतो, त्यामुळे त्याच्या लेखी ती तीन वेगळी गावं. तुमच्याकडे काही सभासद नव्या फॉर्ममधून आले असतील, काही जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या यादीतून, आणि निम्मे या गावात, निम्मे त्या गावात जाऊन बसले.

पहिल्या दोन तऱ्हा एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची रूपं एकसारखी करण्याच्या युनिकोडच्या नियमाने) एक होतात. पोस्टग्रेस १३ पासून त्यासाठी फंक्शनही आहे. तिसरी होत नाही, ती तुम्हालाच बदलावी लागेल. आणि घाईघाईत जॉइनर नुसता पुसून टाकलात तर कऱ्हाडचं 'कर्हाड' होईल, मग सभासद नव्हे, सगळा तालुका फोन करेल. बदल करणारं फंक्शन तुमचं, त्याच्या टेस्ट युनिटमध्ये, हव्या तेवढ्या. इंटिग्रेशनमध्ये एकच: तिन्ही तऱ्हांनी तीन सभासद नेहमीच्या आयातीच्या वाटेने आत घाला, एका तऱ्हेने शोधा, तिघे आले पाहिजेत.

आता एसक्यूलाइट. तुमच्या सीनिअरांचा हेतू चांगला आहे, पण हे म्हणजे पोहण्याची परीक्षा टबात घेणं. एसक्यूलाइट उत्तम डेटाबेस आहे, फक्त तो पोस्टग्रेस नाही. नेहमीच्या टेबलात पूर्णांकाच्या कॉलममध्ये 'अठरा' हा शब्द टाकला तर तो मुकाट ठेवून घेतो, पोस्टग्रेस तोंडावर फेकतो. चढत्या क्रमाने लावलं की त्याच्याकडे नल (न भरलेल्या किमती) आधी येतात, पोस्टग्रेसमध्ये शेवटी. म्हणजे 'उतारा' (उसातून मिळालेल्या साखरेचा टक्का) या कॉलमवर क्रम लावलेल्या रिपोर्टचं पहिलं पान टेस्टमध्ये एक आणि प्रॉडक्शनला दुसरंच. तारखेचा स्वतंत्र प्रकारच त्याच्याकडे नाही, त्यामुळे तुमचा दुसरा बग तिथे जन्मालाच येणार नाही. यूझर आणि रोलही नाहीत, आणि ते का महत्त्वाचं ते आता सांगते.

तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहिलंय: डेटाबेस एकच, त्यात नऊ कारखान्यांचा डेटा. माझी झोप त्या वाक्याने उडाली. तीन बग फुटले ते बरेच म्हणायचे, ते डोळ्यांना दिसले. एका कारखान्याच्या माणसाला शेजारच्या कारखान्याचे सभासद, त्यांची टनेज, त्यांची थकबाकी दिसली तर तो कळवेलच असं नाही. पट्ट्यातला ऊस पळवण्यावरून काय चालतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तुम्ही वेगळं कसं ठेवता ते पत्रात नाही. प्रत्येक क्वेरीला 'कारखाना बरोबर अमुक' हे हाताने जोडत असाल, किंवा पोस्टग्रेसची रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या रो दिसतील हे डेटाबेसनेच ठरवणं) वापरत असाल. दुसरं असेल तर नीट ऐका. ही सुरक्षा सुपरयूझरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूझरला, लागू होत नाही, कधीच नाही. टेबलाच्या मालकालाही लागू होत नाही, मुद्दाम सक्ती केल्याशिवाय. आणि टेस्टसाठी आपण जो कंटेनर उठवतो त्यात नेहमीचा यूझर कोण? पोस्टग्रेस नावाचा, सुपरयूझर. म्हणजे तुमच्या ११ इंटिग्रेशन टेस्ट जर त्या यूझरने लॉगिन होत असतील तर सुरक्षेची पॉलिसी उद्या कोणी खोडून टाकली तरी सगळं हिरवंच राहील.

मी हे स्वतः भोगलंय. एका जुन्या नोकरीत, कंपनीचं नाव राहू दे, आमच्याकडे असाच एक सर्व्हर होता. टेस्ट भरपूर, त्यातल्या खऱ्या डेटाबेसवर दोनशे तरी. शनिवारी दुपारी एका ग्राहकाचा फोन आला, की तुमच्या रिपोर्टात आमच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाची बिलं दिसतायत. टेस्ट सगळ्या सुपरयूझरने चालत होत्या, तो एक भाग. दुसरा भाग कनेक्शन पूलचा, म्हणजे डेटाबेसच्या पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या कनेक्शनच्या साठ्याचा. रिक्वेस्ट आली की आम्ही त्या कनेक्शनवर ग्राहकाचा क्रमांक सेट करायचो, आणि तो सेशनभर टिकेल अशा रीतीने करायचो. काम झालं की कनेक्शन पूलमध्ये परत. एका कोपऱ्यातल्या रिपोर्टात क्रमांक सेट करायचं राहून गेलं होतं. त्या रिपोर्टला जे कनेक्शन मिळेल त्यावर आधीच्या ग्राहकाचा क्रमांक तसाच चिकटलेला. ऑफिसात कोणालाच दिसलं नाही, कारण टेस्टमध्ये प्रत्येक वेळी कनेक्शन नवंकोरं असायचं.

यावर जी टेस्ट मी तेव्हा लिहिली ती आजतागायत प्रत्येक नव्या ठिकाणी पहिली लिहिते. पूलचा आकार एक करा. एक म्हणजे एकच, म्हणजे तेच कनेक्शन फिरून फिरून मिळणार. लॉगिन प्रॉडक्शनच्याच रोलने. पहिली रिक्वेस्ट कारखाना क्रमांक तीनची. दुसरी क्रमांक सातची, तिच्यात फक्त सातच्या रो आल्या पाहिजेत. तिसरी कुठल्याच कारखान्याची नाही, क्रमांक न लावता सरळ टेबलाला विचारा, शून्य रो आल्या पाहिजेत. मग हेच पुन्हा, पण पहिली रिक्वेस्ट मध्येच एरर देऊन मरेल अशी व्यवस्था करून. बरेचसे पूल नेमके इथे उघडे पडतात, कारण नीट आवरून कनेक्शन परत देण्याचा कोड सुखाच्या वाटेवर लिहिलेला असतो, एररच्या वाटेवर नाही.

कारखान्याची अट हाताने जोडत असाल तर टेस्ट सोपी आहे पण जास्त लागतील: ३४ च्या ३४ एंडपॉइंटवर दोन कारखान्यांचा डेटा ठेवून एकाच्या नावाने विचारायचं, दुसऱ्याची एकही रो दिसता कामा नये. एका लूपमध्ये बसतं.

तर ३४ एंडपॉइंट. लीड म्हणतात तसं प्रत्येक एंडपॉइंटला प्रत्येक फिल्टर लावत बसलात तर हंगाम संपेल. एंडपॉइंट ३४ असले तरी एसक्यूएल तयार करणारा कोड एकच असेल, नसेल तर आधी तो एक करा. त्याच्या बाजूने मोजा. फिल्टरचे प्रकार किती? बरोबर, पेक्षा जास्त, पेक्षा कमी, दरम्यान, यादीत, रिकामं, नावात आहे, आणि त्यांचे नकार, असे धरू नऊ. कॉलमचे प्रकार? पूर्णांक, न्यूमरिक, तारीख, तारीख-वेळ, मजकूर, हो-नाही, म्हणजे सहा. चौपन्न जोड्या. त्यातल्या 'हो-नाही पेक्षा जास्त' असल्या निरर्थक जोड्या गाळल्या की चाळीसेक उरतात. प्रत्येक जोडीला एक टेस्ट, आणि प्रत्येकीच्या डेटात एक नल हवाच.

एंडपॉइंटसाठी नुसती हजेरी पुरे: सगळे फिल्टर लावलेलं एसक्यूएल तयार करा आणि पोस्टग्रेसला फक्त प्रिपेअर करायला (वाचून तपासून ठेवायला) सांगा. चालवू नका. कॉलमचं नाव बदललं, मायग्रेशनमध्ये प्रकार बदलला, जॉइन मोडला, सगळं तिथेच ओरडतं. ३४ टेस्ट, डोळ्याची पापणी लवेपर्यंत.

उरल्या वागणुकीच्या. पूलच्या दोन-चार वर सांगितल्या. रद्द करण्याची एक: तीस सेकंद झोपणारी क्वेरी पाठवा, एका सेकंदात ब्राउझरकडून कनेक्शन तोडा, आणि दुसऱ्या कनेक्शनवरून पोस्टग्रेसच्या चालू कामांच्या यादीत बघा की ती क्वेरी मेली का. बहुतेक वेळा मेलेली नसते, रिपोर्ट येत नाही म्हणून साहेब रिफ्रेश दाबत राहतात आणि प्रत्येक दाबाला एक नवी झोपलेली क्वेरी जमा होते. 'सगळे सभासद निवडा' या बटणाची एक: पोस्टग्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये एका क्वेरीत ६५,५३५ पेक्षा जास्त पॅरामीटर बसत नाहीत. ७०,००० क्रमांक पाठवून बघा. यादीतला प्रत्येक क्रमांक वेगळा पॅरामीटर करण्याऐवजी सगळी यादी एक ॲरे म्हणून पाठवली की प्रश्नच मिटतो. पानं पाडण्याची एक: क्रम ज्या कॉलमवर आहे त्यात सारख्या किमती ठेवा, सगळी पानं जोडून एकही रो दोनदा किंवा शून्यदा येत नाही ना बघा. टेस्टमध्ये पाच रो टाकल्या त्याच क्रमाने परत आल्या म्हणून क्रम न लिहिता सोडून देणारे खूप आहेत. अशा पंधराएक धरा.

चाळीस, चौतीस आणि पंधरा. नव्वदच्या आसपास. हा तुमचा आकडा.

एक चीज वरून फुकट देते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात मॅन्युएल रिगर आणि झेंडोंग सू यांनी २०२० मध्ये डेटाबेसमधले बग शोधायची एक युक्ती मांडली, ती डेटाबेसवाल्यांसाठी होती पण क्वेरी सर्व्हरला अंगावर बेतल्यासारखी बसते. कुठलीही अट घ्या, समजा दैनिक गाळपात 'उतारा ११ पेक्षा जास्त'. एसक्यूएलमध्ये अट प्रत्येक रोला खरी, खोटी किंवा 'माहीत नाही' असते, चौथं काही नाही. तेव्हा सर्व्हरला तीनदा विचारा: अट लावून, अटीचा नकार लावून, आणि उतारा नल असलेले. तिन्ही काउंटची बेरीज अट न लावता येणाऱ्या काउंटइतकीच आली पाहिजे. उत्तर काय यायला हवं हे तुम्हाला आधी माहीत असायची गरजच नाही. उलटसुलट फिल्टर आपोआप तयार करून रात्रभर हे चालवा. ज्या दिवसांचा प्रयोगशाळेचा उतारा अजून भरलेला नाही ते दिवस 'जास्त' मध्येही नाहीत आणि 'जास्त नाही' मध्येही नाहीत, हे तुमच्या डॅशबोर्डवर कोणाच्या लक्षात आलंय का हेही त्यातून कळेल. (बेरीज करताना काउंट स्ट्रिंग येतो हे विसरू नका. पुन्हा १,८०,१६५ नको.)

सीआयच्या ३८ मिनिटांचा दोष इंटिग्रेशन टेस्टच्या माथी मारू नका. ११ टेस्ट, प्रत्येकीला नवा कंटेनर, प्रत्येकीत सगळी मायग्रेशन. पाहुण्यागणिक नवी चूल मांडल्यासारखं आहे ते. कंटेनर एकदा उठवा, आवृत्ती प्रॉडक्शनचीच. शक्यतो त्याच लिनक्सची इमेज घ्या. अल्पाइनवर मजकुराचा क्रम डेबियनपेक्षा वेगळा लागू शकतो आणि नावांच्या याद्यांमध्ये ते बोचतं. मायग्रेशन एकदा चालवून एक साचा डेटाबेस तयार करा, मग प्रत्येक टेस्ट फाइलसाठी त्या साच्यावरून नवा डेटाबेस काढा. पोस्टग्रेसमध्ये हे एका ओळीचं आहे, फक्त त्या वेळी साच्याला कोणाचं कनेक्शन चिकटलेलं नको. टेस्टच्या पोस्टग्रेसला एफसिंक (डेटा डिस्कवर खरंच पोचल्याची खात्री) बंद ठेवा, तिथे वीज गेली तर काय हा प्रश्न आपला नाही. प्रॉडक्शनच्या कॉन्फिगमध्ये ही ओळ चुकूनही जाऊ देऊ नका.

काही जण प्रत्येक टेस्ट ट्रॅन्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक करतात, म्हणजे केलेले सगळे बदल मागे घेतात. वेगासाठी छान, फिल्टरच्या चाळीस टेस्टना चालेल. पण ट्रॅन्झॅक्शनमध्ये 'आत्ता' ही वेळ सुरुवातीलाच गोठते, कमिटपर्यंत लांबवलेल्या कन्स्ट्रेंट तपासल्याच जात नाहीत, आणि पूलच्या टेस्टना तर ते चालणारच नाही. त्या खुल्या सोडा.

एवढं केलंत तर नव्वद टेस्ट दोन-तीन मिनिटांत आटोपायला हरकत नाही. माझी मर्यादा अशी: पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल तपासायला पाठवला की) सगळं मिळून दहा मिनिटं. आणलेला चहा गार व्हायच्या आत निकाल लागला नाही की लोक दुसऱ्या कामाला लागतात आणि लाल बिल्डवर 'पुन्हा चालवा' दाबायची सवय लागते. फिल्टरची आपोआप तयार होणारी फौज रात्रीच्या बिल्डला.

मॅनेजरांच्या टक्क्याचं काय करायचं? २०१५ मध्ये गूगलच्या टेस्टिंग ब्लॉगवर ७०-२०-१० असं एक प्रमाण आलं होतं: युनिट, इंटिग्रेशन, एंड-टू-एंड. ते स्लाइडवर छान दिसतं म्हणून जगभर फिरलं. लिहिणाऱ्यांनी मात्र तो पहिला अंदाज म्हणूनच दिला होता, टीमगणिक वेगळा असेल असंही म्हटलं होतं. तुमच्या सर्व्हरचं सगळं कामच दुसऱ्याच्या दारात जाऊन प्रश्न विचारण्याचं, त्यामुळे दाराशी टेस्ट जास्त लागणारच. मॅनेजरना टक्क्याऐवजी दोन गोष्टी द्या. बिल्डची मिनिटं, ३८ वरून किती झाली ते. आणि कारखान्यांना आपण जी पाच-सहा वचनं देतो त्यांची यादी: दुसऱ्याचा डेटा दिसणार नाही, तारीख सरकणार नाही, बेरीज बरोबर येईल, गावाचं नाव कसंही टाइप केलं तरी सापडेल. प्रत्येकासमोर ती राखणाऱ्या टेस्टचं नाव. ही स्लाइड त्यांना ग्राहकाकडेही नेता येईल, टक्का नेता येत नाही.

६४० मॉकवाल्या टेस्टचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. एकदम पुसू नका, भांडणं होतील. ज्यांत मॉकने दिलेली रो तीच पुढे पाठवली एवढंच तपासलंय त्या, हात लागेल तशा, काढत जा. नव्वद उभ्या राहिल्यावर त्यांची आठवण कोणाला येणार नाही.

गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं, म्हणजे वेळ आहे पण फार नाही. सोमवारी बाकी काही न करता पूलचा आकार एक करा, प्रॉडक्शनच्या रोलने लॉगिन व्हा आणि त्या तीन रिक्वेस्ट पाठवा. तिसरीला शून्य रो आल्या तर सावकाश साच्याच्या डेटाबेसपासून सुरुवात करा. एक जरी रो आली, तर टेस्ट लिहीत बसू नका, आधी लीडना जागेवरून उठवा.